बाबांच्या मेंदूची सूज

१९ मार्च, मंगळवार
रोजा सुटायची तोफ उडायला दहा मिनिटं होती. बाबांचं तोंड वाकडं झालं, जीभ जड. आई म्हणाली, उपवास बाधला, खजूर पोटात गेला की ठीक होतील. आणि मी — सहा वर्षं पक्षाघातावर काम करणारी — मीही तोफेची वाट बघत बसले! खजूर गालातच अडकला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

२० मार्च
दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं. पण माझी खरी भीती पुढच्या चार-पाच दिवसांची. मेंदूतल्या मरणाऱ्या पेशी धोक्याचे निरोप धाडतात — लॅबमध्ये मी हेच रेणू मोजते — आणि ते ऐकून रक्तातल्या राखणदार पेशी धावून येतात, शेजारच्या धडधाकट भागाचीही नासधूस करतात. सूज वाढते. हे निरोप अडवणाऱ्या आमच्या औषधाची चाचणी याच वॉर्डात चालू आहे. बाबांनी डाव्या हाताने सही केली. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी, ते बंद पाकिटांत. पाकिटं माझ्या सहकाऱ्याकडे, लम्जेदकडे. मला बाबांच्या फाइलला हात लावायची बंदी.

२२ मार्च
उजवा हात निर्जीव. पाणी मिळालं असेल तर?

२३ मार्च
लम्जेदला म्हणाले, पाकीट उघड. रडलेसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, “ओल्फा, उद्या दुसऱ्या कुणाची मुलगी रडत आली तर तिला काय सांगू?”
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ मार्च, सोमवार
सूज उतरली! बोटं हलली! बाबांचा पहिला शब्द — हरिसा, आमची लाल मिरचीची चटणी. दवाखान्याचं सूप म्हणे अळणी. आई नर्ससमोरच त्यांना रागावली आणि मग त्यांचे पाय चेपत बसली. मी जिन्यात जाऊन पोटभर रडून घेतलं.
औषध लागू पडलं. सहा वर्षांचं चीज झालं.

१० एप्रिल, ईद
बाबा काठी घेऊन दारापर्यंत आले. आई गल्लीभर सांगतेय, पोरीच्या औषधाने बाप वाचला. मी अडवलं नाही. खरं तर ऐकायला फार बरं वाटलं.

१२ डिसेंबर
चाचणी संपली, आज पाकिटं उघडली. बाबांना मिठाचं पाणी मिळालं होतं. औषधवाले आणि पाणीवाले, फरक काहीच नाही. संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी उजव्या हाताने माझा हात धरला.
“मी तर वाचलो. आता तुझं काय, पोरी?”