दाराची कडी

ताई,

"प्रभूमध्ये प्रिय" असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. राग अजून गेला नाही, मग खोटं कशाला?

मोठी तू असताना महिला मंडळाची अध्यक्ष मी झाले आणि तू चर्चला यायचं सोडलंस. पाळकांनी दोघींपुढे हात टेकले. मी मात्र दर बैठकीत डोळे मिटून मोठ्यांदा म्हणते, "प्रभू, माझ्या बहिणीला परत आण." बायका पदर डोळ्यांना लावून आमेन म्हणतात.

गेल्या बैठकीला तुझी भाची माझ्या मांडीवर बसली होती. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी स्टूल ओढत दारापाशी नेते आणि कडी काढून ठेवते. मी लावते, ती काढते. काल मी ओरडलेच, "अगं बये, चोर शिरतील!"

"मग मावशी आत कशी येणार? तूच मागितलंस ना देवाकडे?"

ताई, मी मागत होते, पण तू येशील असं मला एकदाही वाटलं नव्हतं. खरं तर यावीस असंही वाटत नव्हतं.

आज कशातच लक्ष नाही. दूध दोनदा उतू गेलं. हे पत्र काही मी टाकणार नाही. तू पाकीट फोडायची नाहीस. पोरगी चपला घालून उभी आहे. म्हणते, मावशीला रस्ता सापडत नसेल, आपणच आणायला जाऊ.

परत स्टूल ओढल्याचा आवाज येतोय. उठते मी, माझ्याही चपला घालते.

तुझी,
(इथे "अध्यक्ष" लिहिलं होतं, तेही खोडलं)
धाकटी