पाच नंबरचा काटा

३ फेब्रुवारी १९५०
आलो एकदाचा बुऱ्हाणपूरला. गेल्याच आठवड्यात प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, पण घरी पत्र टाकताना हात जुनंच लिहून मोकळा झाला. वीजघरात मीटर तपासायची नोकरी, पगार बरा आणि आल्या आल्या मावा जिलेबी. आणखी काय हवं? माझ्या आधीचे प्रभाकर म्हणे नेपानगरला कागद कारखान्यात गेले.

मुख्य मिस्त्री दिगंबरभाऊ अगदी आडदांड, पण त्यांची एक शिस्त मला आवडली. माणूस खांबावर चढला की त्या लाइनीचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा. तो खाली उतरेपर्यंत परत बसवायचा नाही.

६ फेब्रुवारी
पाच नंबरची लाइन एका बंद मागशेडला जाते. फ्यूज काढलेला, तरी शेडमधला काटा ०.२२ अँपिअर दाखवतो. व्होल्ट २२०. भागाकार केला, रोध बरोबर हजार ओहम. गुणाकार केला, अठ्ठेचाळीस वॅट. एका मिणमिणत्या दिव्याएवढी वीज तिथे कोण खातंय? दिगंबरभाऊ म्हणाले, काटा अडकलाय, लिहू नका. मी लिहिलं. आकडा दिसला की लिहायचाच, हा माझा जुना रोग.

९ फेब्रुवारी
मीटर बदललं. तेच. पुस्तक काढलं: घामेजलेल्या माणसाचा रोध, या हातापासून त्या हातापर्यंत, साधारण हजार ओहम.
पुस्तक मिटलं. जेवण गेलं नाही. मला भीती वाटते आहे.

११ फेब्रुवारी
शेजारच्या शेडचा विणकर उखर्डू आज बोलला. "परभाकर साहेब कुठीच गेले नहीं, साहेब." पोळ्याच्या दिवशी दिगंबर पिऊन आला आणि त्याच्या हाताखालचा लाइनमन कौतिक खांबावर असतानाच फ्यूज बसवला. कौतिक जळून खाली पडला. प्रभाकरने ते वहीत लिहिलं. मग दिगंबरने पान्याने त्याची बोटं ठेचली, दोन्ही हात शेडमधल्या उघड्या तारांना बांधले, फ्यूज लावला आणि म्हणाला, आता मोजत बस. उखर्डूने खिडकीतून पाहिलं. प्रेत तापीत गेलं. वही अजून मागाखाली आहे.

१२ फेब्रुवारी
उखर्डूचा जबडा फोडला. पान्यानेच. दवाखान्यात त्याला बोलता येत नाही, नुसता माझा हात धरून बसला. आता पोलिसांना दाखवायला वहीच हवी. माझ्याशिवाय कोण आणणार—

१३ फेब्रुवारी, दुपार
शेडमध्ये आहे. दाराबाहेरच्या पेटीतला पाचचा फ्यूज माझ्या खिशात. वही मिळाली. शेवटच्या पानावर रक्ताने माखलेल्या बोटांचे ठसे.

बाहेरून कडी लागली. दिगंबर. म्हणतो, दुसरा फ्यूज आणलाय, तूही मोज—

दोन्ही भिंतींवर उघड्या तारा. मी मधोमध उभा. कशालाच शिवत नाही.

तो ओरडला. एकदाच. दाराखालून धूर, मांस जळल्याचा वास—

काटा ०.४४. पाचशे ओहम. हजार-हजारचे दोन शेजारी जोडले की पाचशे. दोन माणसं. प्रभाकर आणि तो. म्हणजे मी सुटलो. फक्त कडी कुणी तरी—

काटा सरकतोय.

०.६६. तीन.

पण मी तर कशालाच हात ला—