कणकेच्या मापाची मूठ

२ ऑक्टोबर, दसरा

रिव्हॉल्व्हरमधून मुंग्या निघाल्या! लाल, बारक्या. नळीतून एकामागोमाग एक, आत कोणाचं लग्न असल्यासारख्या. मी पूजेच्या पाटावरून तीन फूट मागं सरकलो. मुंग्यांना भिऊन नाही, रिव्हॉल्व्हरला भिऊन. इथे खरं लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय!

घोटाळा वैजयंतीचा. अप्पा गेले, त्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, म्हणजे गेल्या वर्षी, तिने त्यांच्या रिव्हॉल्व्हरला पंचामृताची आंघोळ घातली. बायको भाविक आहे हे मान्य — पण दही-मध लोखंडाला? मीही तिथेच होतो, आरतीचं तबक धरून. तेव्हा तोंड उघडलं नाही, आता काय बोलणार.

आई मात्र भडकली. "देव नाहीये तो, अवजार आहे." शिलाई मशीनचं तेल आणलं, मांडी घालून बसली आणि एकेक भाग पुसून काढला. अप्पा होते तेव्हाही सफाई तिच्याकडेच. त्यांनी आयुष्यात स्वतःची चप्पल पुसली नाही.

३ ऑक्टोबर

परवाना वारस म्हणून माझ्या नावावर झालाय. पण मला हत्यार चालवता येतं असं सर्टिफिकेट ३१ तारखेच्या आत जोडायचं. नाही जोडलं तर परवाना रद्द, रिव्हॉल्व्हर जमा. मी शाळेतला हेडक्लार्क. स्टेपलरने दोनदा बोट फोडून घेतलेला माणूस.

वैजयंती म्हणाली, जाऊ द्या ना जमा, पीडा टळेल. कसं जाऊ देऊ! अप्पांचं नाव आहे त्याच्याशी. मी अकरा वर्षांचा असताना आमच्या फोपनारच्या शेतातल्या घरी मोटारीची केबल चोरायला चोर आले होते. अप्पांनी ओसरीवरून एकच गोळी झाडली — चोराच्या हातातल्या बॅटरीच्या आरपार! चोर पळाले. भोक पडलेली ती बॅटरी अजून तिथे खुंटीला टांगलेली आहे, आल्या-गेल्याला दाखवतात. आणि त्याच वेळी मी ज्वारीच्या कणगीत लपलो होतो, सकाळी पाय धरून ओढून काढावं लागलं, हेही आल्या-गेल्याला सांगतात. वाघाच्या पोटी ससा! छत्तीस वर्षं ऐकतोय. अप्पा मात्र ह्यावर कधी हसले नाहीत. विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे. लाज वाटत असेल माझी.

एकदा तरी नीट गोळी झाडायची. मग भले मुंग्या राहू देत त्यात.

५ ऑक्टोबर, रविवार

नेमबाजीच्या रेंजवर गेलो. शिकवायला चंदन सर — फौजेतून रिटायर, मिशी आधी येते आणि सर मागून.

चाप ओढला. काहीच नाही. पुन्हा ओढला. काहीच नाही! मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, बिघडलंय, पंचामृत गेलंय आत. सरांनी कपाळाला हात लावला. हे जुन्या चालीचं म्हणे. प्रत्येक गोळीला आधी वरचा घोडा अंगठ्याने मागं ओढायचा, तो कट् करून अडकला की मगच चाप. दर वेळी. एका झटक्यात काही होत नाही — आमच्या ऑफिससारखंच.

पण अंगठा पोचला पाहिजे ना! ती मूठ म्हणजे काय प्रकार आहे! तोकडी, सागवानी, खाली आकडीसारखी वळलेली. माझी दोन बोटं बाहेर लोंबतात. अंगठ्यासाठी खळगी कोरलीय तीही नको त्या बाजूला. सर म्हणाले, तीस साल में ऐसी मूठ नहीं देखी, किसके हाथ की है? म्हटलं, वडिलांच्या.

आता लिहिताना आठवलं. अप्पांचा पंजा तर सुपाएवढा होता.

६ ऑक्टोबर

अंगठा सुजला. शाळेत सांगितलं, दारात सापडला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज गोळ्या सुटल्या! पाचही. डोळे मिटले होते, पण सुटल्या.

माझ्या निशाणाच्या कागदावर एकही भोक नाही. शेजारी मोहित म्हणून बँकेचा गार्ड होता. त्याने पाच झाडल्या, त्याच्या कागदावर आठ भोकं. सरांनी तीनदा मोजली. शेवटी मोहितला शाबासकी मिळाली आणि त्याने खुशीत मला चहा पाजला. उरलेल्या दोन कुठे गेल्या हे कोणी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

घरी आई भाकरी करत होती. तिला एवढंच सांगितलं की नेम लागत नाही. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, आवाज व्हायच्या आधीच हलत असशील तू. आणि डाव्या हाताने भाकरी उलटली. हिला काय माहीत! पण हलतो खरा.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरात फराळाचा घाणा चाललाय आणि मी जसोंडीला. मूठ तिथल्या सुपडू मिस्तरींनी केलेली, हे आईकडूनच कळलं. सुपडूकाका ऐंशीच्या पुढे, तरी हातात रंधा. मी म्हटलं, काका, माप चुकलंय तुमचं. झालं! म्हातारा खाटेवर ताठ बसला.

"माह्यं माप चुकत नाही, भाऊ. ज्या हाताची केली त्या हातात देऊन पाह्य."

मग अप्पांनी माप दिलं कसं, ते सांगितलं. कणकेचा गोळा — मुठीत आवळून वाळवलेला — रुमालात बांधून आणला होता म्हणे. वर बजावलं होतं, गावात बोलू नको. मग सुपडूकाकांनी चहा पाजला, वाटेला लावलं.

बसमध्ये विचार करकरून डोकं दुखलं. अप्पांना कणिक भिजवता यायची? तो माणूस हाताने पाणी घेऊन प्यायला नाही कधी! म्हणजे चोरून स्वयंपाक करायचे की काय? आईला विचारलं तर पदर तोंडाला लावून आत गेली. बहुतेक आठवणीने रडू आलं असेल. उगाच विचारलं.

२० ऑक्टोबर

मीही माझ्या मुठीचा गोळा करून गच्चीवर वाळत घातला होता. माकड घेऊन गेलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

सगळं संपलं. आज डोळे उघडे ठेवले. घोडा ओढला, कट् झालं, आणि चाप ओढवेचना. पाच मिनिटं तसाच उभा! सरांनी हळूच माझ्या हातातून काढून घेतलं, गोळ्या काढल्या. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, जीवन बाबू, आप कागज-पत्तर के आदमी हैं, इसमें शरम कैसी. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी, रेंजच्या फाटकामागे जाऊन रडलो.

३० ऑक्टोबर

उद्या शेवटची तारीख. आज आईला सांगून टाकलं. मला भीती वाटते, तेव्हाही वाटत होती, आजही वाटते, मी अप्पांचा मुलगा शोभत नाही. तिने सोलायला घेतलेले मटार बाजूला सारले. मग म्हणाली, उद्या मी येते. कशाला, विचारलं. म्हणाली, बसून राहून कंटाळा आलाय.

शहात्तर वर्षांची बाई. रेंजवर खुर्ची तरी असेल का तिच्यासाठी!

३१ ऑक्टोबर

आईने कोणाला काही विचारलं नाही. टेबलावरून रिव्हॉल्व्हर डाव्या हातात उचललं. मूठ तिच्या हातात अशी बसली, जसं रोजचं उलथनं. घोडा, चाप. घोडा, चाप. पाच वेळा. पाचही काळ्या गोलात. सर "अम्मा, अम्मा" करत धावले होते ते मधेच थांबले, मग स्वतःची खुर्ची पुसून तिला दिली.

सर्टिफिकेट अर्थातच नाही. रिव्हॉल्व्हर जमा केलं, पावती खिशात आहे.

रिक्षात विचारलं, "आई, आणि ती बॅटरी?"

"त्यांना आवाज सोसायचा नाही रे. ते मोरीत, तू कणगीत. कोणीतरी ओसरीवर जायला पाहिजे होतं ना!"

म्हणजे मी थेट अप्पांवर गेलोय!