तांब्या घेऊन पाऊण तास

२ डिसेंबर, सोमवार

शुगर निघाली! ८.४. शिरूरच्या डॉक्टरांनी आकड्याभोवती पेनानं गोल काढून दाखवला. ही म्हणे तीन महिन्यांची सरासरी. "म्हाळूआप्पा, रोज पाऊण तास चालायचं. सलग, मध्ये न थांबता. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू. सातच्या आसपास आली तर ठीक. नाहीतर इन्सुलिन. रोज पोटात सुई."

पोटात! मी दूध डेअरीचा सचिव. चेअरमनला घाबरत नाही, ऑडिटरला तर मुळीच नाही. पण सुईला घाबरतो. शाळेत लस टोचायला आले की मी चिंचेवर चढून बसायचो.

कुणाला सांगायचं नाही. रतनलाही नाही – बायकोला कळलं की चहातली साखर गेली. आणि गावाला कळलं की माणसाचं नावच बदलतं. वाडीत दोन आप्पा होतो. त्यातला एक गेल्या वर्षापासून बीपी आप्पा झालाय. दुसरा मी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रतनला म्हटलं, उद्यापासून चालायला जाणार, पोट कमी करायचंय. म्हणाली, "कुणासाठी?"

३ डिसेंबर

पहाटे पाचला निघालो. नवे बूट. तळेगाव ढमढेऱ्याच्या रस्त्याला लागून चार मिनिटं झाली असतील, मागून पुतण्या पप्पूची गाडी. फर्स्ट शिफ्टला कोरेगाव भीमाच्या कंपनीत चालला होता.

"काका! चालत?"

"असंच, फिरायला."

"असंच म्हंजी? उसात बिबट्या हाय. बसा आधी."

बसलो. पाच वाजून वीस मिनिटांनी तळेगावच्या स्टँडवर उभा होतो. तिथं काय करायचं ते कळेना, म्हणून चहा प्यालो. जीपनं परत आलो.

चालणं – चार मिनिटं. चहा – एक, साखरेसकट.

५ डिसेंबर

आज कंपनीची बस थांबली. ड्रायव्हर बिहारचा. "अरे चाचा, पैदल क्यों? आ जाओ, आ जाओ!" हात धरून वरच ओढलं. इतका प्रेमळ माणूस! बस एकदम कोरेगाव भीमालाच थांबते.

डेअरी पाऊण तास उशिरा उघडली. बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या. चेअरमन सोपानरावांनी विचारलं, "सचिव, हुता कुठं?" म्हटलं, कोरेगावला. "एवढ्या पहाटं? कशाला?" चालायला, असं सांगून कुणाला पटलं असतं?

६ डिसेंबर

सोपानरावांच्या गाडीवर बसावं लागलं. चेअरमनला नाही म्हणता येत नाही.

८ डिसेंबर, रविवार

ठरवलं – आज नाही म्हणायचंच. कितीही गाडी थांबू दे!

थांबली ती नेमकी हौसरावांची. डेअरीच्या इलेक्शनला सोपानरावांच्या विरोधात उभे राहिले होते ते. म्हटलं, "नको हौसराव, मी चालतो." त्यांनी गाडी बंद केली. स्टँडला लावली. खाली उतरले.

"परवा सोपानरावाच्या गाडीवर बसला हुता. आमच्या गाडीला काय काटं हायत?"

बसलो. काय करणार? सचिवानं दोन्ही पार्ट्या सांभाळायच्या असतात. आता एक दिवस यांची गाडी, एक दिवस त्यांची. वजन ९२ होतं, ९३ झालं.

१२ डिसेंबर

रस्ता सोडला. गच्चीवर फेऱ्या मारायला लागलो. अकरावी फेरी चालू असताना शेजारच्या कुशाबाई खालून ओरडल्या, "भाऊजी, टाकी गळतीया का?" नाही म्हटलं तरी जिना चढून वर आल्या. टाकी बघितली. मग कठड्याला टेकून सुनेविषयी पाऊण तास बोलल्या.

मी पाऊण तास उभा होतो. उभं राहणं व्यायामात धरतात का, डॉक्टरांना विचारायला पाहिजे.

१३ डिसेंबर

गोठ्याभोवती फिरलो. गाईंना वाटलं वैरण आली. तिन्ही हंबरायला लागल्या. रतन उठली. बंद.

१६ डिसेंबर, सोमवार

सापडलं!!

पहाटे दारात उभा होतो. रस्त्यानं एक म्हातारबाबा तांब्या घेऊन चालले होते. शेजारून दोन गाड्या गेल्या. कुणी थांबलं नाही. एकानं तर लाइट खाली केला. आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली – तांब्या हातात असलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. कुठं निघालात म्हणून विचारत नाही. लिफ्टचं तर नावच नको! घरोघरी संडास झाले, पण कायदा अजून तोच आहे.

माळ्यावरून पितळी तांब्या काढून ठेवलाय. झोप येत नाही इतका आनंद झालाय.

१७ डिसेंबर

पंचेचाळीस मिनिटं! सलग!!

पप्पू समोरून आला आणि उसाकडं बघत निघून गेला. हौसराव तसेच. सोपानराव तसेच. बसवाल्या बिहाऱ्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. पक्षभेद नाही, प्रांतभेद नाही.

२९ डिसेंबर

तेरा दिवस, एकही खाडा नाही. वजन ९०. पाणी डुचमळून विजार भिजते, म्हणून आता तांब्या अर्धाच भरतो. पँटचा पट्टा एक भोक आत गेला. आरशात बघून स्वतःलाच "काय सचिव!" म्हटलं.

३ जानेवारी

कुशाबाईंनी रतनकडं इसबगोलची पुडी आणून दिली. "भाऊजींचं पोट लय दिवस झालं धरलंय वाटतं. रोज पाऊण तास लागतोय."

रतन माझ्याकडं बघत राहिली. "घरात टाइल्स लावून संडास बांधलाय. त्यात काय कमी हाय?"

म्हटलं, "हवा."

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ – अकरा लाडू. नाही कसं म्हणणार? समोरचा हातावर ठेवतो आणि तोंडाकडं बघत उभा राहतो. पाप फेडायला संध्याकाळीही तांब्या घेऊन निघालो. आता दिवसातून दोनदा! वाटेत भेटणाऱ्यांच्या तोंडावर माझी काळजी दिसायला लागलीय.

२१ जानेवारी, मंगळवार

लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

पावणेसहा झाले होते. परत फिरलो होतो. समोर पांढरी जीप थांबली. मला वाटलं लिफ्ट! लांबूनच "नको, नको" म्हणत तांब्या उंच करून दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तालुक्याचं गुड मॉर्निंग पथक होतं ते! पहाटे उघड्यावर जाणारे पकडतात ना, ते. शिट्टी वाजली. चारी बाजूंनी बॅटऱ्या. एका मॅडमनी माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या गावाच्या कमानीशेजारी हागणदारीमुक्तीचा बोर्ड वाचला नाही का?" वाचलाय. त्या समितीचा अध्यक्ष मीच होतो. बोर्डावर वरून तिसरं नाव माझं आहे.

"मला शुगर आहे, मी फिरायला निघालोय" – एवढं बोललो असतो तर सुटलो असतो. जिभेवर आलंही होतं. पण पथकासोबत गावातली चार माणसं होती. तोंडातून निघालं, "चूक झाली."

मग हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणायला लावली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात गुलाब – प्रतिज्ञेला हात कुठून आणू? गुलाब कानावर खोचला. त्याच वेळी फोटो काढला.

२२ जानेवारी

फोटो गावाच्या ग्रुपवर. हसणारी तोंडं मोजायची सोडून दिली. पप्पूनं नुसतं एक गुलाबाचं फूल टाकलं.

रतननं संडासाची लादी दोनदा घासली, मला ऐकू जाईल अशी.

२४ जानेवारी, शुक्रवार

आता यात गंमत राहिली नाही.

सकाळी डेअरीत कुशाबाईंनी पुढं केलेला कॅन मागं घेतला. "भाऊजी, हात धुतलं का?" धुतले. "कवा?" मागच्या बायका हसल्या, पण त्यांनीही कॅन दिले नाहीत. चाळीस लिटर दूध आज समोरच्या खाजगी डेअरीला गेलं. संध्याकाळी साठ.

हौसराव म्हणाले, सचिव बदला. सोपानराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी तरी किती सावरू? सोमवारी मीटिंग लावतो." दोघांचं एकमत होताना मी पहिल्यांदाच बघितलं.

एकवीस वर्षं या डेअरीत दूध मोजतोय. एका थेंबाचा आळ नाही. आणि आता गावाला माझ्या हातांची किळस येतेय! गोठ्यात जाऊन रडलो. गाईला वाटलं वैरण आणली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. शाळेच्या पटांगणात सगळा गाव उभा होता. सरपंचांचं भाषण संपल्यावर माइक मागून घेतला.

म्हटलं, "मला शुगर हाय. डॉक्टरनी चालायला सांगितलंय. तुम्ही कुणी चालू देत न्हाई, म्हणून तांब्या घेतला. रोज पाणी न्यायचो आन् तसंच परत आणायचो. बाकी काय बी केलेलं न्हाई. सुईला भितो, म्हणून चालतो."

कुणी हसलं नाही. मग मागून हौसराव ओरडले, "आरं मग तसं सांगायचं की! आम्ही काय जबरदस्तीनं गाडीवर बसवलं असतं व्हय?"

तेव्हा मात्र सगळे हसले. मीही हसलो. दोन महिन्यांनी छाती मोकळी झाली.

रतन बायकांत उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "बरं झालं बोललात." एवढंच. चहा बिनसाखरेचा दिला.

२८ जानेवारी

मीटिंग झालीच नाही. दूध सगळं परत आलं. पण आज डेअरीत एक नवीनच प्रकार!

सोपानराव टेबलाजवळ आले, इकडंतिकडं बघितलं, वाकले. "सचिव, मला बी हाय. सहा वर्सं झाली. हौसरावाला कळू देऊ नका."

अर्ध्या तासानं हौसराव आले. वाकले. "मला बी हाय. सोपानरावाला कळता कामा न्हाई."

संध्याकाळी पप्पू. त्याची शुगर बॉर्डरवर आहे म्हणे. अजून बत्तीस वर्षांचा नाही झाला!

शेवटी कुशाबाई. "मला न्हाई भाऊजी. पर सुनंला सांगा, मला हाय म्हणून."

३ फेब्रुवारी

वाकणाऱ्यांचा आकडा आता चौदावर गेलाय. नावं या वहीतही लिहिणार नाही. फॅट तपासायला बसवलेला माणूस मी, आता लोकांची साखर ऐकतोय.

१० फेब्रुवारी

पहाटेच्या रस्त्यावर आता गर्दी असते. कुणी विहिरीवरची मोटार चालू करायला निघालेला असतो, कुणी उसाची तोड कुठवर आली ते बघायला. शुगरसाठी कुणीच नाही! सोपानराव पुढं, हौसराव पन्नास पावलं मागं. हौसराव वेग वाढवतात, मग सोपानरावही वाढवतात. दोघांची शुगर या इलेक्शनमुळंच उतरणार बहुतेक.

मी मोकळ्या हातांनी चालतो. बिहारी ड्रायव्हर खिडकीतून ओरडतो, "चाचा, शाबाश!" आणि बस थांबवत नाही.

२२ फेब्रुवारी

वजन ८६. पाच दिवस राहिले रक्त द्यायला. सुई एकदाच टोचणार आहेत, तरी दिवस मोजतोय.

२७ फेब्रुवारी

रक्त दिलं. डोळे मिटून. नर्स म्हणाली, झालं पण काका. रिपोर्ट सोमवारी.

३ मार्च, सोमवार

७.१! सुई नाही!!

घरी येऊन रतनला वाचून दाखवणार, तेवढ्यात तिनं कागद हातातून घेतला. तिला इंग्रजी येत नाही. पण सगळ्या ओळी सोडून तिनं बोट थेट त्या आकड्यावर ठेवलं आणि म्हणाली, "माझं साडेनऊ हाय."

चार वर्षं. त्यातली दोन वर्षं इन्सुलिन. रोज सकाळी स्वतःच टोचून घेते, मी डेअरीत गेल्यावर. बाटली फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. तो कप्पा मी आजवर कधी उघडलेला नाही. म्हटलं, मला बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही सुईला भिता."

उद्याची सुई मी टोचणार आहे. ती कशी धरायची ते तिनं दाखवलं.