बसच्या बाजूनं

बाई, परवा मी भाषण केलं. अकोल्यात, माईकसमोर, सभागृह गच्च भरलेलं. तुम्ही असत्या तर पहिल्या वाक्यालाच हात वर करून 'हळू घे' म्हणाल्या असत्या. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी शाळेत होतो. आता मामाच्या पेट्रोल पंपावर काम करतो. मधे अमरावतीला कॉलेजात गेलो होतो, पण दुसऱ्या वर्षी एका सरांशी भर वर्गात भांडलो, दार आपटून बाहेर पडलो, आणि राग उतरेपर्यंत परीक्षा होऊन गेली होती. मग घरच्यांनी मामाकडे पाठवलं. राहायचं मामाच्या घरी, जेवायचं मामाकडं, आणि बोलायचं तेही मामाचंच.

जठारपेठेतलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. वादविवाद स्पर्धेची तयारी तुम्ही तिथंच घ्यायच्या. तुम्ही भाकरी थापताय, आम्ही दोघं-तिघं ओट्याला टेकून उभे. आधी समोरच्याची बाजू अशी मांडायची की त्यानं स्वतः म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. मगच 'पण' म्हणायचं. मधेच जो आवाज चढवेल त्यानं खाली बसून लसूण सोलायचा, तोंड बंद ठेवून. तुमच्या घरचा निम्मा लसूण मीच सोलला असेन. एकदा मी असाच भडकलो तर तव्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "खरा असशीन त घाई काहून करतं रे?" मला तेव्हा फार राग आला होता. घरी जाऊन हात साबणानं चारदा धुतले, तरी वास जाईना.

तर परवाचं सांगतो. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत जे पेट्रोल-डिझेल विकलं जातं त्यावर थोडा जादा कर लावायचा, आणि त्या पैशातून गावोगावच्या बस आणि फाट्यापर्यंतचे रस्ते करायचे, असं चाललंय. लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली होती. पंपवाले विरोधात. बुलढाण्याकडे पेट्रोल स्वस्त राहिलं तर ट्रकवाले तिकडेच टाकी भरतील, आपल्या पंपावर कुत्रं फिरकणार नाही, हे मामाचं म्हणणं काही खोटं नाही. शाळेत ढाल जिंकलेला भाचा घरातच आहे म्हटल्यावर पंपवाल्यांकडून मी बोलायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

आणि पंपासमोर फाटा आहे, बाई. आतल्या गावातली एक मुलगी रोज सकाळी तिथं उभी राहायची, अकोल्याच्या कॉलेजला जायला. बस कधी येते, कधी येतच नाही. आधी ती पाण्याची बाटली भरायला पंपावर आली, मग सावलीत थांबायला, मग नुसतीच. आमच्यात जे काही आहे ते सगळं त्या न आलेल्या बसच्या वेळात झालं. बस वेळेवर येत असती तर तिचा आवाजसुद्धा मला माहीत नसता. म्हणजे मामा सांगतो तसं बोललो, कर अडला, बस आली नाही, तर माझं साधत होतं. पण सुनावणीच्या आधी तीच म्हणाली की तिच्या बाबांनी बजावलंय, यंदा बसची सोय नाही झाली तर शिक्षण बंद, स्थळं येऊन राहिलीत. "तुले बोलता येते. आमच्या बाजूनं बोल." मी हो म्हणालो. मामालाही हो म्हणून बसलो होतो.

सभागृहात एका बाजूला पंपवाले आणि ट्रकमालक, दुसऱ्या बाजूला गावागावांतून आलेले लोक, त्यांत तिचे बाबाही. एक ट्रकमालक उठून म्हणाला, कर द्या आणि खड्डे घ्या, हे तर आताही सुरूच आहे. सगळे हसले. माझ्या डोक्यात तुमचीच पद्धत होती. आधी बसची बाजू पूर्ण मांडीन, ती तिच्यासाठी. मग 'पण' म्हणून मामाची, ती भाकरीसाठी. दोघांचं भागेल. उभा राहिलो आणि म्हणालो, समजा, फाट्यावर एक मुलगी उभी आहे. मग मला थांबताच येईना. ती बॅग पोटाशी कशी धरते, उन्हानं एक डोळा बारीक कसा करते, लांबून बस दिसली की आधी ओढणीनं चपलेवरची धूळ कशी झटकते, आणि ती बस न थांबता गेली की कोणाकडे बघत नाही, स्वतःशीच हसते. गावाकडचे लोक माना हलवत होते. मग मुलगी कोण ते ओळखून एकेकाची मान थांबली आणि एकेक जण तिच्या बाबांकडे बघायला लागला. मागून कोणी म्हणालं, "हा पेट्रोल भरते का पोरी पाह्यते?" माझ्या तोंडून 'पण' निघालंच नाही. मी खाली बसलो.

मामानं घरी येऊन हातपाय धुतले. मग ताटावर बसता बसता मामीला म्हणाला, "विरोध कराले पाठवलं होतं, हा सोयरीक जुळवून आला." मामी हसली. मामा नाही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे बाबा मोटरसायकलवर पंपावर आले, मागे ती. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ते सावकाश गाडी स्टँडवर लावून म्हणाले, "भाषण चांगलं केलं, पोरा. बस सुरू होयेपर्यंत आता मीच सोडून देत जाईन हिले. फाट्यावर उभं राह्याचं काम नाई." आणि सुटे आणायला केबिनकडे गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले बसबद्दल बोलाले सांगतलं होतं. माह्याबद्दल नाई."

तिचं शिक्षण तूर्त चालू आहे, एवढं खरं. कर लागला तर बस वेळेवर येईल आणि ती चढून निघून जाईल. नाही लागला तर ती अशीच, बाबांच्या मागे, तोंड पलीकडे करून. पुढची सुनावणी अमरावतीत आहे, मामानं दुसरा बोलणारा शोधलाय. मला कुठं जायला जागा नाही. कॉलेजचं दार मीच आपटलंय, आणि पंप सोडला तर तीही दिसायची नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढं लिहितो. तिच्या बाबांच्या गाडीत पेट्रोल भरताना मी नोझल अर्धंच दाबतो. धार बारीक पडते, मागे हॉर्न वाजायला लागतात, मामा केबिनमधून ओरडतो. मी मशीनकडे बोट दाखवतो आणि सांगतो, हेच हळू चालून राहिलं.