श्रेयाच्या जोडीचं नाव

शिनोली,
मंगळवार, २० जानेवारी २०२६

चि. सौ. आरती हिस सारजाबाईचे अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिलंय ते चुकून नाही. तू वारूळवाडीला गेल्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तरी ते एक अक्षर माझ्या हातून उतरलं नसतं. आज उतरलं.

तुझी चिठ्ठी आणि पेढ्यांचा पुडा भगवंतने रविवारी आणून दिला. जीप रस्त्यावर चालू ठेवूनच तो दारात आला. “मामी, वारूळवाडीचं पेढं. मुलगा झाला,” एवढंच म्हणाला. कुणाला झाला ते म्हणाला नाही. माझ्यासमोर कुठली गोष्ट अर्धीच बोलायची हे आता गावाला पाठ झालं आहे.

तू बरी असशील. शेक सोडू नकोस, कानाला रुमाल बांधत जा, थंडी अजून हटत नाही. तुझ्या सासूबाई साळुबाई सगळं रीतीनं करत असतील, मी सांगायची गरज नाही. इकडे कांद्याची खुरपणी चालू आहे. हरभऱ्याला घाटे चांगले धरलेत. गुरुवारी बाजाराला घोडेगावला गेले की वाचनालयात जाते, पुस्तक बदलून आणते. डोळ्यांचा नंबर वाढलाय. श्रेया चौथीत आहे, उंच झाली आहे, दुधाचे पुढचे दात सगळे पडले. तुझ्यासारखीच जेवताना आमटी वेगळ्या वाटीत मागते.

तू लिहिलंस की रविवारी बारसं आहे आणि श्रेयाच्या नावाला जोडून शोभेल असं नाव सुचवा, तुम्ही एवढं वाचता. चिठ्ठी मी चार वेळा वाचली. मग काल एवढ्यासाठी घोडेगावला जाऊन वाचनालयात नावांचं पुस्तक मागितलं. तिथल्या बाईंनी विचारलं, “सारजाबाई, कुणाकडं पाळणा हलला?” मी म्हटलं, नात्यात. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. एसटीत बसून पानं चाळली. श्रेयस पहिलंच मनात आलं, पण अर्धी हाक ऐकूनच दोघं धावत येतील आणि कुणाला बोलावलं यावरून भांडतील. श्रवण गोड आहे, पण तो पाणी आणायला गेला आणि परत आला नाही. आपल्या घराला ते नाव नको. शर्विल म्हणजे काय ते पुस्तकालाही नीट सांगता आलेलं नाही. श्रीपाद म्हटलं की मला एकदम कोट घातलेला माणूस दिसतो.

तुला ठाऊक नसेल, आमच्या घरात नावं पुस्तकातून ठरत नसत. सूरजच्या पाठीवर प्रतिभा झाली तेव्हा ह्यांनी मला सव्वा महिन्यानंतर अंगणाच्या कडेला उभं केलं आणि स्वतः खाली नदीलगतच्या खाचरात जाऊन थांबले. म्हणाले, आता सूरजच्या जोडीनं एकेक नाव घेऊन हाक मार. मी हाका मारल्या. तीन नावं वाऱ्यानं खाल्ली. सूरज-प्रतिभा तेवढं खाचरापर्यंत पोचलं. ह्यांचं म्हणणं असं, की भावंडांची नावं कागदासाठी नसतात. आईनं एका दमात दोघांना जेवायला बोलवायचं असतं, त्यासाठी असतात. गावातली माणसं हसायची, “दादाभाऊ बारसं करतो का पाखरं हाकतो?” पण नंतर दोन-चार घरांनी तसंच केलं.

म्हणून काल दुपारी चारच्या सुमारास मी अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिले. श्रेया शाळेत होती. पुस्तकातली सगळी नावं मी श्रेयाच्या जोडीला लावून पाहिली. एकही बसेना. मग एक नाव घेतलं जे पुस्तकात शोधावं लागलं नाही.

आरती, ते नाव तुलाही ठाऊक आहे. तू चिठ्ठीत लिहिलं नाहीस, मी एवढे दिवस तोंडातून काढलं नाही. श्रेयाच्या बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी हातात धरून सूरज म्हणाला होता, “ही श्रेया. हिच्या पाठचा सार्थक.” आपण दोघी हसलो होतो, आधी हिला तर मोठी होऊ दे. दोन वर्षांत नदीवरच्या मोटारीच्या शॉकनं त्याला नेलं. ते नाव तसंच राहिलं. मी ते माझं समजून ठेवलं. दुसऱ्या माणसाच्या लेकराला ते द्यायचं म्हणजे सूरजची उरलेली वस्तूही घराबाहेर काढायची, असं मला वाटत होतं. तू मागशील या भीतीनं मी चिठ्ठीला दोन दिवस उत्तर दिलं नाही. आणि तू मागितलंच नाहीस.

तर मी हाक मारली, “श्रेया, सार्थक, या रं जेवायला.” नीट गेली हाक, खाली बांधापर्यंत. मला पुन्हा मारावीशी वाटली, मी पुन्हा मारली. आणि मागून श्रेया म्हणाली, “आजी, दुसरं कोण?”

गुरुजींना मीटिंग होती म्हणून शाळा लवकर सुटली होती. ती दप्तर पाठीवर घेऊन ओसरीच्या पायरीवर उभी होती. मी म्हटलं, वारूळवाडीच्या मावशीला मुलगा झाला, त्याला नाव बघत होते.

इथं मला थांबून तुला ते सांगायचं आहे जे मी पहिल्या ओळीपासून टाळते आहे.

ती तुला मावशी म्हणते ते तिच्या मनानं नाही. तू गेलीस तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायची. आठ-दहा दिवसांनी मी तिला जवळ घेऊन सांगितलं, ती आता वारूळवाडीची मावशी झाली, आई म्हणायचं नाही. ती आई म्हणाली की मी घास हातात धरून थांबायची, माझं ताटही तसंच राहायचं, मावशी म्हणाली की भरवायची. चार-सहा दिवसांत ती शिकली. दोन वर्षांमागं तू यात्रेला निळा फ्रॉक घेऊन आलीस. तिनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, “मावशी, पाणी.” तू उभ्यानं पाणी प्यालीस, फ्रॉक खाटेवर ठेवलास आणि गेलीस. तुला वाटलं ती विसरली. मी तुला तसं वाटू दिलं.

आणि बैठकीचं. तुझे वडील कुशाबा आणि आमचे चुलत दीर गेणभाऊ समोरासमोर बसले. गेणभाऊ म्हणाले, “पोरीनं दुसरं घर करावं, आमी आडवं येत न्हाई. पन लेकरू या घरचं हाय, ते हितंच ऱ्हाईल.” तू म्हणालीस, वर्षभरानं तरी न्यायला येऊ द्या. ते कुणी मानलं नाही. आजवर तू गेणभाऊंना दोष देत असशील. ते वाक्य त्यांचं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मीच ते त्यांच्या तोंडात घातलं होतं. ते तर म्हणत होते, “वहिनी, लेकरू आईजवळच बरं.” मी म्हटलं, माझा मुलगा गेला, आता घरात काय राहिलं? ते भले माणूस, माझ्यासाठी वाईट झाले. तू निघालीस तेव्हा मी पोरीला कडेवर घेऊन आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली. तू दाराला हात लावलास ते मला ऐकू आलं होतं.

मी तेव्हाही पुस्तकं वाचत होते. दुसऱ्याच्या गोष्टीत कोण चुकतंय ते मला लगेच कळायचं.

आता कालचं पुढं सांगते. श्रेयानं दप्तर काढलं, खुंटीला लावलं आणि म्हणाली, “म्हणजी मला भाऊ झाला.”

मी ओसरीच्या पायरीवर बसले.

“मला ठाऊक हाय, आजी. पहिलीत व्हते तवापासून ठाऊक हाय. पोरी सांगत्यात ना.”

“मंग तू मावशी का म्हणत व्हतीस?”

“आई म्हणलं की तू जेवत न्हाईस.”

आरती, सूरजला अंगणात आणून ठेवला त्या दिवशीही माझी मान अशी खाली गेली नव्हती. मी समजत होते पोरीला मी सांभाळते. नऊ वर्षांचं लेकरू तीन-चार वर्षं मला सांभाळत होतं, आणि त्याची किंमत म्हणून आईला आई म्हणत नव्हतं.

ती मग माझ्याजवळ येऊन बसली. तिला सगळं विचारायचं होतं. तो गोरा आहे का, त्याला दात कधी येतील. मग विचारलं, “नाव कानात कोण सांगनार?” मी म्हटलं, आत्या सांगते. “त्याला आत्या हाय?” नाही, त्याच्या वडलांना, भरतरावांना, बहीण नाही, कुणीतरी शेजारीण सांगेल. ती म्हणाली, “शेजारीन कशाला? मी सांगते.” थोड्या वेळानं पुन्हा, “पन तो मला काय म्हणंल?” मी म्हटलं, ताई म्हणेल. ती हसली नाही. मान हलवली, जसं तिला हे आधीच ठरवून ठेवायचं होतं.

तेव्हा नाव सार्थक असू दे. तिनंही रात्री दोनदा म्हणून बघितलं, तिला आवडलं. पण एक कर. हे सूरजनं ठेवलेलं नाव आहे हे भरतरावांना बारशाच्या आधी स्पष्ट सांग. त्यांना रोज ते नाव घ्यायचं आहे. त्यांच्या मनाला लागलं तर नाव बदला, मला राग नाही. श्रेया दुसरं सुचवील, तिच्या वर्गातली पंधरा नावं तयार आहेत. पण न सांगता ठेवू नकोस. मी माझ्या घरात एक गोष्ट झाकून ठेवली, तिचं काय झालं ते तुला वर लिहिलं आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी येतो. मंचरला गाडी बदलून नारायणगावला उतरू, तिथून भरतरावांना यायला सांग. बारशाला मी पुढं येणार नाही. साळुबाईंच्या घरची रीत मला ठाऊक नाही, मी मागं बसेन, किंवा त्यांना बरं वाटत नसेल तर आदल्या दिवशी बाळ बघून निघून येईन.

श्रेयाचे सगळे कपडे आणते. स्वेटर, शाळेचे दोन्ही गणवेश, रात्री पांघरायची गोधडी. गुरुजींशी आज सकाळीच बोलले. ते म्हणाले, वर्ष संपायला आलंय, पण आईजवळ राहायचं असेल तर दाखला देतो, तिकडच्या शाळेत घेतील. मी तिला विचारलं, तुला काय करायचं? ती म्हणाली, “मी आठ दिस ऱ्हाते, मंग बघू.” हे ‘मग बघू’ तिनं माझ्याकडून उचललंय. पण या वेळी ते खरंच तिला बघू दे. तू तिला थांब म्हणू नकोस, मी तिला चल म्हणणार नाही. आपण दोघींनी तिच्या वतीनं पुष्कळ ठरवलं. तू कमी, मी जास्त.

ती परत आली तर मी जिंकले असं समजू नकोस. राहिली तर मला वाईट वाटेल, ते वाटू दे. सोसायला मला येतं, ते मी ह्यांच्या आणि सूरजच्या वेळी शिकले. दुसऱ्याला सोसायला लावू नये, एवढंच शिकायचं राहिलं होतं.

तिला रात्री झोपताना पाठ खाजवून लागते. आणि तिला आई म्हणायला पहिले एक-दोन दिवस जड जाईल, चुकून मावशी म्हणेल. तेव्हा तिच्याकडे बघू नकोस. ती चूक माझी आहे, माझ्याकडे बघ.

माफी या कागदावर मागत नाही. ती दारात उभं राहून मागायची आहे, आणि दार उघडायचं की नाही हे त्या वेळी तुझ्या हातात असू दे.

शेवटी तुझी कोण म्हणून सही करावी हे मला ठरवता येत नाही. सासू लिहायचा हक्क मी त्या कडीबरोबर घालवला. म्हणून नुसतं नाव लिहिते. पुढचं नातं तुला वाटेल ते लाव, नाही लावलंस तरी चालेल.

सारजा