लोगन मडमचा कौल

रत्नागिरी,
ता. १२ फेब्रुवारी १९३२

चि. आत्माराम यास,

आक्काचे आशीर्वाद. इकडे ठीक. तुझ्या कमळेचा खोकला गेला, कुरकुर राहिली आहे. मुंबईची हवा तुला मानवते, हे तुझ्या पत्राच्या लांबीवरून कळलेच. त्याचे उत्तर शेवटी लिहिते. आधी इथली गंमत ऐक.

जिच्या मिशनशाळेत मी शिकवते म्हणून तू रागावला आहेस, त्या लोगन मडमला अमेरिकेस परत बोलावले आहे. मिशनचे इथले ठाणे बंद करायचे ठरले. मला वाटे, त्यांच्यात कोणी बडा धर्मगुरू हुकूम सोडत असेल. तर नाही. हिच्या प्रेस्बिटेरियन पंथात वडीलधारी मंडळी निवडतात आणि ती बैठक घेऊन सगळे ठरवतात.

मी म्हटले, "म्हणजे आमची भावकीच की. पानसुपारी तेवढी नसेल."

"तुमच्या भावकीत बाईला विचारतात?"

"विचारतात ना. जेवायला किती पाने मांडायची ते."

ती एवढी हसली की मुली खिडकीशी जमल्या. मग तिची चौकशी सुरू. तिला तो रोगच आहे. वडीलधाऱ्यांचा निकाल पटला नाही तर तुम्ही काय करता? मी सांगितले, कौल लावतो. ओल्या कळ्या देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार.

"आणि सगळे ऐकतात?"

"मनासारखी पडली तर लगेच."

गेल्या आठवड्यात गुरुवारी पाहते तर बाई देवळाच्या पायरीशी हजर. नुसती बघायला आले, म्हणाली. भिकाजी गुरव म्हणाला, "मडमबाय, पाय भायर ठेवा. कान आत आले तर देवीची ना नाय." आणि तिला न विचारताच त्याने गाऱ्हाणे घातले, "ह्या बायनं आमच्या पोरींना लिवायवाचाय शिकवलान. ती ऱ्हायाची असल तर उजवी दे, माये."

बराच वेळ काही पडेना. मग उजवी पडली.

"मी हे मानत नाही," बाई म्हणाली. थोडे थांबून हळूच, "उजवी म्हणजे माझी उजवी, की देवीची?"

परवा तिने आपल्या वडीलधाऱ्यांना कळवले, ठाणे बंद करा, मी राहून शाळा चालवीन. कौलामुळे नव्हे, हे मला मात्र पुन्हा पुन्हा सांगते.

आता तुझे उत्तर. मी शाळा सोडावी, नाहीतर आपले घर वाळीत टाकू, असे भावकीने ठरवले आणि तू मुंबईहून मान डोलावलीस. खरे सांगू? भिकाजी गाऱ्हाणे घालत होता तेव्हा मी मनात डावी मागत होते. मडम गेली असती, शाळा मिटली असती, तुझ्याशी भांडण उरले नसते. मला काही ठरवावेच लागले नसते. उजवी पडल्यावर आधी राग आला आणि घरी पोचेपर्यंत कडकडून भूक लागली.

भिकाजीने विचारले होते, "आक्का, तुजापन लावू?" नको म्हटले. डावी पडली असती तरी मी शाळेत जाणारच होते; देवीला कशाला खोटे पाडायचे?

कमळेला आणि पोरांना वाळीत पडू देणार नाही. सोमवारी मी शाळेमागच्या खोलीत राहायला जाते. धर्म बदललेला नाही. तुळशीची कुंडी बरोबर नेते आहे. भावकीला कळव, आक्का घरातून गेली. शिमग्याला आलास की रस्त्यात माझ्यावरून तोंड फिरवावे लागेल तुला. फिरव. त्याआधी एकदा नीट बघून घे.

भावकीने विचारले तर तुझी कोणी नसलेली,
थोरली बहीण,
आनंदी